यादीत पहिलं नाव कुणाचं?

प्रिय मुली,

रेड क्रॉसच्या आपल्या जिल्हा शाखेत नाव नोंदवलंस हे कळलं. फार बरं वाटलं. सात तत्त्वं पाठ करू का, असं तू विचारलं आहेस. पाठ जरूर कर, पण आधी ती कुठून आली ते ऐक.

२४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीत सोल्फेरिनोला मोठी लढाई झाली. एका बाजूला फ्रान्स आणि सार्डिनिया, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रिया. हेन्री ड्युनांट हा स्विस व्यापारी आपल्या धंद्याच्या कामासाठी तिसऱ्या नेपोलियनला भेटायला तिकडे गेला होता. शेजारच्या कास्तिल्योने गावात त्याला दिसलं ते असं: चर्चमध्ये, रस्त्यांवर पेंढा पसरलेला आणि त्यावर हजारो जखमी. गावच्या बायकांनी गणवेश बघितला नाही. शत्रूच्या शिपायालाही त्या पाणी पाजत होत्या, जखमा धूत होत्या. 'तुत्ती फ्रातेल्ली', म्हणजे 'सगळे भाऊच', असं म्हणत होत्या. सात तत्त्वं जाहीर झाली १९६५ साली, व्हिएन्नाच्या परिषदेत. पण मला विचारशील तर त्यांचा उगम त्या पेंढ्यावरचा आहे.

ड्युनांटच्या या अनुभवातूनच १८६३ मध्ये जिनिव्हात रेड क्रॉसची समिती झाली, पुढच्या वर्षी युद्धातल्या जखमींना संरक्षण देणारा पहिला जिनिव्हा करार झाला. आपल्याकडे पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठीचं काम सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स आणि ब्रिटिश रेड क्रॉस यांच्या संयुक्त समितीकडे होतं. युद्ध संपल्यावर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले सर क्लॉड हिल यांनी विधेयक मांडलं आणि मार्च १९२० मध्ये कायदा होऊन भारतीय रेड क्रॉस सोसायटी उभी राहिली. राष्ट्रपती तिचे अध्यक्ष असतात. मग सातातलं 'स्वातंत्र्य' उरलं कुठे, असं तुला वाटेल. वाटायलाच हवं. संस्था सरकारच्या मदतीला उभी राहते, पण आपल्या तत्त्वांना धरून वागता येईल एवढी मोकळीक तिने सांभाळायची असते. हे रोज जपावं लागतं.

बाकीची नावं तू वाचलीच आहेस: मानवता, तटस्थता, स्वयंसेवा, एकता, विश्वव्यापकता. मला बोलायचंय ते निःपक्षपाताबद्दल, कारण तिथेच माझा पाय घसरला होता.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला होता. पाणी ओसरल्यावर एका गावात ताडपत्र्या आणि चादरी घेऊन गेलो. देवळासमोर टेम्पो लावला, यादी काढली आणि जी माणसं रांगेत उभी राहिली त्यांना वाटत गेलो. दीड तासात टेम्पो रिकामा. समाधानाने निघालो, तर गावाच्या कडेच्या वस्तीत एक आजी चिखलात बसून भिजलेली गोधडी पिळत होती. घराची मागची भिंत पडलेली. तिला देवळापर्यंत चालवत नव्हतं आणि टेम्पो आल्याचं तिला कुणी सांगितलंही नव्हतं. माझ्याजवळ द्यायला काही उरलं नव्हतं. मी कुणावर मुद्दाम अन्याय केला नव्हता गं, पण जो रांगेपर्यंत पोचला त्याची गरज मोठी धरली. तत्त्व सांगतं की गरज बघा आणि सगळ्यात नडलेल्याला आधी द्या. दुसऱ्या दिवशी सामान घेऊन परत गेलो, तेव्हा सुरुवात तिच्या वस्तीपासून केली.

म्हणून वाटपाआधी गाव पायी फिर. कोण अंथरुणाला खिळलंय, कुठे बाळंतीण आहे, ते गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईला विचार. एखादा पुढारी म्हणेल, आमच्या माणसांपासून सुरू करा. त्याच्याशी वाद घालू नकोस, नमस्कार कर आणि यादी दाखव. तटस्थता म्हणतात ती हीच. कुठल्याच बाजूचं न झाल्यामुळे आपल्याला दोन्हीकडच्या दारात उभं राहता येतं.

आणखी एक. जॅकेटवरचं ते लाल चिन्ह शोभेचं नाही. आपल्याकडे औषधांच्या दुकानांवर, डॉक्टरांच्या गाड्यांवर ते सर्रास दिसतं, पण १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने तसा वापर गुन्हा आहे. मला ते बघून खरंच वाईट वाटतं. युद्धात याच चिन्हाकडे बघून बंदूक खाली करायची असते. ते जिथे तिथे दिसू लागलं, तर त्यावर विश्वास कोण ठेवणार? म्हणून जॅकेट घालून लग्नाला किंवा सभेला जाऊ नकोस.

रविवारी दहा वाजता प्रथमोपचाराचा वर्ग आहे. येताना मोठी सुती ओढणी आण. हात मोडला तर झोळी कशी बांधायची, तिथून सुरुवात करू.

तुझे,
काका