शिफारस आहे म्हणून फाईल दाबून ठेवता येत नाही

बीड जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेतल्या कर्मचाऱ्यानं विचारलंय. वेबसाईटवरच्या घरपट्टीच्या नोटिसा स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वाचता येत नाहीत अशी एका अंध नागरिकाची तक्रार, त्यावर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांची दुरुस्तीची शिफारस, ती येऊन अडीच महिने झालेत आणि ऑफिसात चर्चा अशी की सुप्रीम कोर्टानं दिव्यांग हक्क नियमांतला सुगम्यतेच्या मानकांचा नियम १५ उडवलाय, आता बंधनच नाही. हा गैरसमज हल्ली बऱ्याच ठिकाणी दिसतो.

साहेब, तो निकाल पूर्ण वाचा. ८ नोव्हेंबर २०२४ ला नियम १५(१) गेला तो ढिला होता म्हणून, मानकं सक्तीची हवी होती अन्‌ नियमानं ती नुसती मार्गदर्शक करून ठेवली होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम ४२, म्हणजे माहिती दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात देण्याचं बंधन, जिथल्या तिथं आहे.

पण तुमचं सगळं अडलंय त्याच कायद्याच्या कलम ८१ वर. शिफारस मिळाल्यापासून ३ महिन्यांत एकतर कारवाई करून आयुक्तांना कळवायचं, नाहीतर मान्य नसल्याची कारणं आयुक्तांना आणि तक्रारदारालाही कळवायची. गप्प बसायची सोय कायद्यात नाही. मुदत मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात, तेव्हा आवक नोंदवही आजच काढा. माणूस स्वतःहून घरपट्टी भरायला बघतोय आणि तुम्ही अडीच महिने कागद टेबलावर ठेवता, हे मला अजिबात पटलेलं नाही.

काम तसं अवघड नाही. नोटीस टाईप करायची, प्रिंट काढून सही-शिक्का मारायचा, स्कॅन करून चढवायची, मग स्क्रीन रीडरला तिथं फक्त एक चित्र मिळतं, अक्षर एकही नाही. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधून थेट पीडीएफ केली तर मराठीच्या जागी काहीबाही इंग्रजी अक्षरं वाचली जातात. सहीची प्रत राहू द्या, शेजारी युनिकोडमधला मजकूर टाका, आणि पैसे भरायच्या पानावर चित्रातला कॅप्चा असेल तर त्याला ऑडिओचा किंवा ओटीपीचा पर्याय द्या.

दंडाचं म्हणाल तर कलम ८९ मध्ये पहिल्यांदा १०,००० पर्यंत, पुढच्या वेळी ५०,००० ते ५ लाख, पण तो कुणावर येईल हे कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. वेबसाईट बनवणाऱ्या एजन्सीवर ढकलायचं असेल तर वर्क ऑर्डरमध्ये तशी अट होती का ते आधी बघा, अट नसेल अन्‌ शेवटचं बिलही देऊन बसला असाल तर अवघड आहे.

मुदतवाढीची सोय कलम ८१ मध्ये लिहिलेली नाही. म्हणून काय दुरुस्त झालं आणि उरलेलं कोणत्या तारखेला होईल, एवढं मुख्याधिकाऱ्यांच्या सहीनं या आठवड्यातच कळवा, तक्रारदाराला प्रत द्या आणि दोन्हीकडची पोच फाईलला लावा. उद्या तो तक्रारदार हायकोर्टाच्या संभाजीनगर खंडपीठात गेलाच तर तुमच्या हातात दाखवायला तेवढंच असेल.