काकांनी बोटीवरून आणलेली फुलदाणी

प्रश्न : माझे थोरले काका बोटीवर नोकरीला होते. फ्रान्सहून त्यांनी आणलेली नऊएक इंच उंचीची फुलदाणी आमच्या गिरगावच्या घरी अनेक वर्षे शोकेसमध्ये आहे. तिला चकाकी नाही. मातकट रंगावर काळ्या रेषांनी दोन बैल आणि त्यांच्या पुढे चालणारा टोपीवाला माणूस काढला आहे, आणि मानेभोवती चौकोनी वळणांचा पट्टा आहे. त्या पट्ट्यामुळे आम्ही सगळे तिला ‘काकांची ग्रीक फुलदाणी’ म्हणतो. तळावर रोमन लिपीत ‘व्ही. ई. सिबूर’ असा ठसा आहे. ही वस्तू नेमकी कुठली, किती जुनी, आणि ती चिंचेने घासून उजळावी का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : चिंच, लिंबू, घासणी यांतले काहीही तिला लावू नका. मऊ कुंचल्याने धूळ झटकावी, आणि फारच मळ असेल तर कोमट पाण्यात पिळलेल्या सुती फडक्याने, तेही तळाकडच्या एखाद्या कोपऱ्यात आधी करून पाहून, हलकेच टिपून घ्यावे. तिचा निस्तेज पोत मुद्दाम तसाच ठेवलेला असतो, त्यामुळे घासून ती चकाकणार तर नाहीच, उलट चित्राची रेघ जाण्याची भीती आहे.

सिबूर हे फ्रान्सच्या नैर्ऋत्य टोकाला, बास्क प्रदेशातील एक लहान बंदर आहे. नदीच्या पलीकडे सँ-जाँ-द-लूझ हे गाव आहे, आणि संगीतकार मॉरिस राव्हेल यांचा जन्म १८७५ मध्ये सिबूरलाच झाला. तिथे १९१९ मध्ये हा कुंभारी कारखाना सुरू झाला. संस्थापकांत एत्येन व्हिलोत आणि चित्रकार लुई फ्लूत्ये हे होते. सुरुवातीच्या काळात प्राचीन ग्रीक भांड्यांच्या धर्तीची नक्षी काढली जात असे, तेव्हा तुमच्या घरच्यांचा अंदाज अगदीच वाया गेलेला नाही. १९२२ पासून १९४५ पर्यंत कारखाना व्हिलोत यांच्याकडे होता. ‘व्ही. ई.’ ही त्यांच्याच नावाची आद्याक्षरे, आडनाव आधी घेऊन. त्यामुळे ठसा खरा असेल, तर तुमची फुलदाणी दोन महायुद्धांच्या दरम्यानची किंवा दुसऱ्या युद्धाच्या काळातली धरावी.

मात्र ठशावर थांबू नका, चित्र वाचा. बैलांच्या पाठीवर पट्ट्यापट्ट्यांचे कापड आहे का ते भिंगातून पाहा. बास्क शेतकरी माश्यांपासून बचाव व्हावा म्हणून बैलांच्या पाठीवर असे जाडेभरडे तागाचे कापड घालत आणि डोक्यावर मेंढीचे कातडे बांधत. आज तिथे दुकानोदुकानी मिळणाऱ्या पट्टेरी टेबलक्लॉथचा मूळपुरुष तो बैलांचा पांघरूण-पट्टाच. बैलांच्या मागून हाकणाऱ्या आपल्या गाडीवानाला नवल वाटेल, पण तिथला गडी हातात काठी घेऊन बैलांच्या पुढे चालत असे. हे बारकावे, पेलोटा हा भिंतीवर चेंडू मारण्याचा खेळ, मेंढपाळ आणि पांढऱ्या भिंतींची, लाल लाकडांची घरे हेच सिबूरच्या भांड्यांचे विषय. चित्रे हाताने काढलेली असल्यामुळे रेघ कुठे जाड, कुठे बारीक पडते, आणि छापील नक्षीसारखी सगळीकडे एकसारखी ती कधीच नसते. (आपल्या सर जे. जे. कलाशाळेत एकोणिसाव्या शतकात घडलेल्या भांड्यांवर अजिंठ्याच्या चित्रांची नक्षी असे, तिची इथे आठवण होते.)

आता मातीविषयी. हे स्टोनवेअर आहे, म्हणजे तुमच्या लोणच्याच्या बरणीचेच भावंड. माठाची माती कमी आचेत भाजलेली असते, म्हणून पाणी झिरपते आणि गार होते. स्टोनवेअर सुमारे १,२०० अंश किंवा त्याहून जास्त तापमानाला भाजतात, माती घट्ट वितळून एकजीव होते आणि मीठपाणीही तिच्यात शिरत नाही. हलकेच टिचकी मारा : धड भांडे खणखणते, तडा असेल तर आवाज बद्द येतो. जुनी दुरुस्ती शोधायची तर नोटा तपासायचा निळसर दिवा अंधाऱ्या खोलीत तिच्यावर धरा. डिंक आणि मागाहून लावलेला रंग बहुधा मूळ मातीपेक्षा निराळे चमकतात.

मुंबईच्या दमट हवेने या मातीला काही होत नाही. तिचा खरा शत्रू आहे तो शोकेसची गुळगुळीत काच आणि रुळांलगतच्या इमारतींना बसणारे हादरे. तिच्याखाली नमद्याचा तुकडा ठेवा. ताजी फुले घालण्याचा मोह होत असेल तर आत काचेचा पेला ठेवून घाला.

प्रश्न : चोर बाजारात मी सिबूरची एक बशी घेतली. मागे ‘आर. एफ. सिबूर’ आहे. विक्रेता म्हणतो, शंभर वर्षांची आहे. (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : ‘आर. एफ.’ म्हणजे रोदोल्फ फिशर, ज्यांनी १९४५ मध्ये कारखाना हाती घेतला आणि जो १९९५ मध्ये बंद पडला. म्हणजे बशी १९४५ च्या आधीची असूच शकत नाही. शंभर वर्षांच्या गोष्टीचे पैसे दिले असतील तर ते अक्कलखाती जमा करावेत. पण बशीत खोट नाही. फिशर यांच्या काळातलीही भांडी संग्राहक आवडीने घेतात. किंमत ठरवताना फ्रान्समधील लिलावांत प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंचे आकडे पाहावेत, विक्रेत्यांनी मागितलेले नव्हेत. आकार मोठा, माणसे-जनावरे जास्त आणि काठाला टवका नसला, की भाव चढतो. तुमच्या बशीच्या काठावरून एकदा बोट फिरवून पाहा.