तार ओढली रिषभावर, आवाज गेला धैवतावर

मागच्या अंकात मिडी गिटारवर, म्हणजे गिटार छेडून लॅपटॉपमधून दुसऱ्या वाद्यांचे आवाज काढण्यावर, मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, तर नुसत्या ठाणे-नवी मुंबईतूनच इतके प्रश्न आलेत की पेटी-तबल्यावाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागणार, रागावू नका.

दादा, मी घोडबंदर रोडला राहतो, आठ वर्षं इलेक्ट्रिक गिटार वाजवतोय. आमच्या ग्रुपची एकांकिका बसतेय आणि तिला लाइव्ह पार्श्वसंगीत द्यायचंय, मुख्य म्हणजे बासरी आणि सारंगी. कीबोर्ड अजिबात येत नाही. गिटारवरूनच हे आवाज काढायला काय घेऊ? बजेट बेताचं आहे.

पहिली गोष्ट, मिडी म्हणजे आवाज नव्हे. गिटारकडून लॅपटॉपला फक्त निरोप जातो, कुठला सूर, किती जोरात, कधी सोडला, किती ओढला एवढाच. बासरी वाजते ती लॅपटॉपमधली. त्यामुळे पाऊण लाखाचा कंट्रोलर, म्हणजे निरोप पाठवणारं यंत्र, घेतला आणि बासरीचा आवाज फुकटातला रद्दी घेतला तर ऐकू रद्दीच येणार.

आता निरोप पाठवायचे रस्ते. सगळ्यात स्वस्त म्हणजे जॅम ओरिजिनचं मिडी गिटार नावाचं सॉफ्टवेअर. तुझी आहे तीच गिटार, आहे तोच ऑडिओ इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडणारा डबा), आणि कॉम्प्युटर तो आवाज ऐकून सूर ओळखतो, कॉर्डसुद्धा. डेमो आधी वापरून बघता येतो. म्हणून मी कोणालाही आधी हेच सांगतो, आठवडाभर वाजव, हाताला पटतंय का बघ, मग खिशात हात घाल.

दुसरा रस्ता म्हणजे सहा तारांना सहा वेगळे कान असलेला पिकअप, म्हणजे तारेची थरथर टिपणारा भाग, जो ब्रिजजवळ बसतो. फिशमनचा ट्रिपलप्ले वायरलेस आहे, यूएसबी रिसीव्हर लॅपटॉपला लावला की झालं. रोलंडचा जीके-३ जुन्या बाजारात बऱ्यापैकी मिळतो पण इथेच लोक फसतात, कारण तो एकटा मिडी देतच नाही. त्याच्यातून १३ पिनांची जाड केबल निघते आणि ती लावायला जीआर-५५ किंवा एसवाय-१००० सारखं यंत्र लागतं, ते यंत्र मग यूएसबीतून मिडी देतं. माझ्या ओळखीतल्या एकाने पिकअप स्वस्तात उचलला आणि वर्षभर तो कपाटात पडलाय, केबलसकट. नवा जीके-५ आला त्याची केबलच वेगळी, जुन्याशी जोडायचा तर मधे कन्व्हर्टर लागतो, म्हणजे मिसळीपेक्षा पाव महाग.

तिसरा रस्ता जॅमस्टिकसारखी गिटार, पिकअप आणि मिडी दोन्ही आतच. छान आहे, पण आठ वर्षं एका गिटारवर बसलेला हात दुसऱ्या मानेवर रुळायला वेळ लागतो आणि तुझा प्रयोग तोंडावर आलाय.

तर माझं मत, सॉफ्टवेअर घे आणि वाचलेल्या पैशातला थोडा भाग एक्स्प्रेशन पेडलवर घाल. हे कोणी सांगत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. गिटारची तार छेडली की आवाज त्या क्षणी सगळ्यात मोठा असतो आणि मग विझतच जातो, पण बासरी आणि सारंगीचं सगळं सौंदर्य सूर लागल्यानंतर तो फुगण्यात आणि मावळण्यात आहे. ती माहिती तारेत नाहीच तर कंट्रोलर पाठवणार कुठून? पाय लागतो. पेडल ११ नंबरच्या कंट्रोलवर लाव, त्यालाच एक्स्प्रेशन म्हणतात. सूर बोटाने, श्वास पायाने. आणि बासरीचा आवाज मोनो (एका वेळी एकच सूर) आणि लेगाटोवर (सूर न तोडता जोडलेले) ठेव, कारण एकाच वेळी तीन सूर वाजवणारी बासरी ऐकली की पहिल्या रांगेतले आजोबासुद्धा माना वळवतात.

नेरूळहून लिहितेय. सेकंडहँड मिडी गिटार घेतली. एक तार ओढली की पूर्ण कॉर्ड बेसूर होते. दुसऱ्या एका सिंथला (सिंथेसायझरला) लावली तर ओढलेला सूर भलतीकडेच जातो. गिटार खराब लागली का? विकणारा म्हणतो सेटिंग बघा.

विकणारा या वेळी खरं बोलतोय. तुमच्याकडे दोन वेगळे घोटाळे आहेत, पहिल्यापासून घेऊ.

मिडीत सूर ओढण्याचा निरोप, म्हणजे पिच बेंड, एका सुराला जात नाही, पूर्ण चॅनलला, म्हणजे निरोपांच्या एका अख्ख्या वाटेला जातो. सहाही तारा एका चॅनलवर असतील तर एक ओढली की बाकी पाचही ओढल्या जाणार, रेल्वेच्या डब्यात एकाने खांदा सरकवला की बाकावरचे सगळे सरकतात तसं. उपाय म्हणजे गिटारमधे मोनो मोड चालू करायचा, मग प्रत्येक तार आपापल्या चॅनलवर जाते. मिडीत चॅनल १६, तारा ६, मावतात आरामात. पण समोरचा सिंथही सहा चॅनल ऐकणारा हवा. व्हायटल आणि सर्ज एक्सटी हे कॉम्प्युटरवरचे सिंथ, दोन्ही फुकटात मिळतात आणि दोन्हींत एमपीई आहे, ते चालू करा. एमपीई म्हणजे हेच, दर सुराला स्वतःचा चॅनल, जानेवारी २०१८ मधे ते अधिकृत झालं.

इथे एक खोच आहे, माझे दोन रविवार गेले होते तिच्यात. एमपीईत सहसा १ नंबरचा चॅनल मालक असतो, तिथे आलेला बेंड सगळ्यांना लागतो, आणि सूर २ पासून पुढे चालतात. बऱ्याच गिटारी मात्र पहिली तार १ वर टाकतात. मग होतं काय की बाकी पाच तारा ओढल्या तर सगळं नीट आणि फक्त पातळ तार ओढली की घर हलतं. असं होत असेल तर गिटारचा पहिला चॅनल २ करा.

दुसरा घोटाळा बेंड रेंजचा, म्हणजे सूर जास्तीत जास्त किती ओढला जाईल त्या पल्ल्याचा, आणि माझ्या अनुभवात "कंट्रोलर खराब निघाला" या तक्रारींत निम्म्याहून जास्त वेळा हाच चोर सापडतो. गिटार असं सांगत नाही की दोन स्वर वर जा, ती सांगते की तुझ्या पूर्ण पल्ल्याचा अमुक हिस्सा वर जा. गिटारमधे पल्ला १२ सेमीटोनचा आहे (सेमीटोन म्हणजे पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) आणि तुम्ही सा वरून शुद्ध रे पर्यंत ओढलं, म्हणजे दोन सेमीटोन, तर निरोप गेला एक षष्ठांश. समोर सिंथचा पल्ला ४८ असेल, एमपीईत सुरुवातीला तोच लावलेला असतो, तर ४८ चा एक षष्ठांश आठ, म्हणजे आवाज थेट कोमल धैवतावर! उलट साध्या सिंथमधे पल्ला बहुतेक वेळा २ असतो, तिथे तेच ओढणं सेमीटोनच्या एक तृतीयांशावर अडकतं, कोमल रेसुद्धा गाठत नाही. दोन्हीकडे आकडा एकच ठेवा, १२, २४, ४८ काहीही, फक्त सारखा.

४८ ठेवल्यावर बारीक श्रुती हरवतील का असं एका गाणाऱ्या मैत्रिणीने विचारलं होतं. नाही हरवत. बेंडला १६३८४ पायऱ्या असतात, ४८ च्या पल्ल्यातही एका सेमीटोनला साधारण १७० येतात, म्हणजे एका पायरीत एक सेंटसुद्धा, सेमीटोनचा शंभरावा भागसुद्धा, सरकत नाही. मींड घ्या बिनधास्त. आणि पियानोचा आवाज लावाल तेव्हा मात्र बेंड बंद करा, गिटारमधे क्रोमॅटिक मोड असतो तो, नाहीतर बोट जरा जोरात दाबलं तरी पियानो दारू प्यायल्यासारखा वाजतो.

दादा, कळव्यातून. मिडीवर बेस वाजवतो तर आवाज उशिरा येतो, वरच्या तारांवर ठीक आहे. नवा लॅपटॉप घेऊ का?

थांब रे. जाड ई तार सेकंदाला साधारण ८२ वेळा थरथरते, म्हणजे एक फेरी पूर्ण व्हायलाच १२ मिलिसेकंद, आणि सूर ओळखायला एखाद-दोन फेऱ्या तर बघाव्या लागणारच. पातळ ई ३३० वेळा, तिथे ३ मिलिसेकंदांत फेरी झालीसुद्धा. हा निसर्गाचा हिशोब आहे, नव्या लॅपटॉपने बदलत नाही. बेस वरच्या सप्तकात वाजव आणि सिंथमधे १२ सेमीटोन खाली उतरव, जुनी युक्ती आहे, चालते. गिटारवादक अॅलन होल्ड्सवर्थ ८० च्या दशकात सिंथअॅक्स नावाचं गिटारसारखं मिडी यंत्र वाजवायचा, त्या यंत्रात सूर ओळखायची भानगडच नव्हती, बोट कुठल्या फ्रेटवर आहे ते थेट तारेच्या स्पर्शावरून कळायचं. पण ते यंत्र तेव्हाही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं.

तुझ्या हातात आहे तो बफर, म्हणजे लॅपटॉप आवाजाचे किती तुकडे साठवून मग बाहेर सोडतो तो आकडा. ४८ किलोहर्ट्झला ५१२ चा बफर म्हणजे जवळजवळ ११ मिलिसेकंद, १२८ केलास तर पावणेतीन. विंडोज असेल तर इंटरफेसचा स्वतःचा एसियो ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने पोचवणारं सॉफ्टवेअर) टाक. आणि ब्लूटूथ हेडफोन लावून तर वाजवत नाहीस ना? तसं असेल तर वरचं सगळं विसर आणि आधी वायरवाला लाव.

ऐरोलीहून. मुलगी दहा वर्षांची, गाणं शिकते, गिटार येत नाही. भाऊ म्हणतो तिला मिडी गिटार घेऊन दे, मींड काढता येईल. घेऊ का ताई-दादा जे कोणी असाल ते?

दादा आहे. नका घेऊ. ज्याच्या बोटांना गिटारची सवय आहे त्याच्यासाठी हे यंत्र आहे, तिला आधी तारेवर बोटं सोलून घ्यावी लागतील आणि मग मींड. मोठी झाल्यावर हौस टिकली तर रॉजर लिनचं लिनस्ट्रुमेंट हे पाटीसारखं मिडी वाद्य दाखवा, त्यावर तारा नाहीत, बोट आडवं सरकवलं की सूर सरकतो आणि ओळी गिटारसारख्याच चौथ्या स्वराच्या अंतराने लावलेल्या असतात. महाग आहे. तोवर तानपुरा आणि गळा पुरे.

खारघर. न वाजवलेले सूर मधेच वाजतात, पावसाळ्यात जास्त. पिकअप ब्रिजजवळ बसवलेला आहे.

पाऊस थेट दोषी नाही, तारा दोषी आहेत. आपल्याकडच्या दमट हवेत तार गंजते, गंजलेली तार स्वच्छ थरथरत नाही आणि पिकअप गोंधळतो. तारा बदला, त्या स्टीलच्याच हव्यात कारण चुंबकाच्या पिकअपला नायलॉन ऐकू येत नाही. मग शेवटचा फ्रेट दाबून बघा, तार आणि पिकअपमधे साधारण १ मिलिमीटर अंतर हवं. त्यानंतर सेन्सिटिव्हिटी तारेगणिक वेगळी लावा, सगळ्यांना एकच आकडा देऊ नका, नेहमीच्या जोराने छेडून मीटर लाल व्हायच्या जरा आधी थांबेल इतकी. एवढं करूनही भूत वाजत असेल तर उजव्या हाताचा तळवा बघा, जी तार वाजवत नाही ती तळव्याने दाबलेली हवी. साध्या गिटारवर ते ढिसाळपण अॅम्पच्या आवाजात लपून जातं, इथे प्रत्येक चुकार थरथरीची बासरी होते.