16 इंची फ्रेमवर बोनस घालावा का?

प्रश्न: माझी उंची 155 सेंमी. तयार सायकली मोठ्या होतात, म्हणून जुनी एमटीबी (डोंगरवाटांची सायकल) स्वतः जुळवून घ्यायची आहे. नव्वदच्या दशकातली 16 इंची क्रोमोली (मिश्र पोलादाची) फ्रेम 18,000 रुपयांना मिळतेय. 26 इंची चाकं 12,000, गियर-क्रँक (क्रँक म्हणजे पेडलचा दांडा) 14,000, ब्रेक-हँडल-सीट 9,000, टायर 4,000, मजुरी 3,000 धरून एकूण 60,000. बोनस 85,000 आलाय. घरखर्च महिना 38,000, आपत्कालीन निधी 1,40,000. पायाचं आतलं माप 73 सेंमी, चाकांसह वरच्या नळीची उंची 75. घेऊ का? – एक वाचक, कोथरूड

सायकल जरूर बांधा, ही फ्रेम मात्र सोडा. वेताळ टेकडीच्या खडीवर अचानक उतरावं लागलं, तर पाय टेकण्याआधी नळी लागेल. कच्च्या वाटेवर निदान 5 सेंमी मोकळीक हवी, म्हणजे नळी 68 सेंमीपर्यंतच. सीट खाली घेऊन किंवा स्टेम (हँडल धरणारा तुकडा) आखूड लावून ही उंची कमी होत नाही. शिवाय हेडसेट (हँडल फिरवणारे बेअरिंग), सीटपोस्ट (सीटचा दांडा), मागचं चाक हे सगळं फ्रेमच्या मापाचं घ्यावं लागतं. फ्रेम बदलली की तेही बदलण्याची पाळी येते. खरं नुकसान 18,000 चं नाही, त्यावर चढवलेल्या पैशांचं आहे.

26 इंची चाकांचा आग्रह धरलात ते उत्तम. छोट्या फ्रेमला 29 इंची चाक लावलं की वळताना ते बुटाला घासू शकतं.

14 इंचाच्या आसपासची, उतरत्या नळीची फ्रेम शोधा. पैसे देण्यापूर्वी सीटपोस्ट तुमच्यासमोर फिरवून बाहेर काढायला सांगा. लोखंडी नळीत ॲल्युमिनियमचा पोस्ट वर्षानुवर्षं राहिला, त्यात पावसाचं पाणी गेलं, की तो गंजून धरतो. काढताना फ्रेमच खराब होऊ शकते. पोस्टवर कोरलेला मापाचा आकडाही वाचा. 27.2 च्या जागी 26.8 मिमीचा पोस्ट घातला तर क्लँप कितीही आवळला तरी तो खाली घसरतो. मागच्या दोन फाट्यांमधलं अंतर मोजा: 130 मिमी असेल तर 135 चा हब (चाकाचा मधला भाग) सहज बसणार नाही. जुन्या सेटसोबत बहुधा 175 मिमी क्रँक येतो, तुम्ही 165 किंवा त्याहून आखूड घ्या. व्ही-ब्रेक (चाकाची रिम दोन्ही बाजूंनी दाबणारे) लावणार असाल तर लिव्हरही व्ही-ब्रेकचेच, आणि मुठीजवळ आणायचा बारीक स्क्रू असलेले. लहान हाताला तो स्क्रू फार उपयोगी पडतो.

आता पैसे. तुमच्या यादीत हेडसेट, बीबी (क्रँक फिरतो ते बेअरिंग), चेन, केबल नाहीत. 20 टक्के जादा धरा, म्हणजे 72,000. विकताना सुट्या भागांची बेरीज परत येत नाही, त्यात लहान मापाला गिऱ्हाईक कमी. ही रक्कम हौसेचा खर्च म्हणूनच लिहा, आणि हौस करायला काहीच हरकत नाही.

सहा महिन्यांचा निधी 2,28,000 हवा, 88,000 कमी आहेत. बोनसमधले 50,000 आधी तिकडे टाका. उरलेले 35,000 सायकलीसाठी वेगळ्या खात्यात ठेवा आणि दरमहा 6,000 ची आरडी सुरू करा. सहा महिन्यांत 71,000 आणि थोडं व्याज हाती येईल. तोवर योग्य फ्रेम शोधायला वेळही मिळतो. कार्डावरचा ‘नो-कॉस्ट’ ईएमआय टाळा: व्याजाच्या भागावर 18 टक्के जीएसटी लागतो, प्रोसेसिंग फी वेगळी. फ्रेम मिळाली की पहिले 35,000 फ्रेम, हेडसेट, बीबी आणि चाकांवर. टायर आणि सीट सगळ्यात शेवटी.