स्वतःची ओआरएम लिहिताना बेस मॉडेल क्लासमध्ये काय ठेवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शिकण्यासाठी पायथनमध्ये छोटी ओआरएम लायब्ररी (डेटाबेसची टेबलं क्लास आणि ऑब्जेक्ट म्हणून वापरू देणारी) लिहिताय, बेस मॉडेल क्लासमध्ये सेव्ह, डिलीट, फाइंड, व्हॅलिडेट असं एकेक घालत चाललाय, तो फुगत चाललाय आणि मेटाक्लासशिवाय, म्हणजे क्लास कसा बनतो ते ठरवणाऱ्या क्लासशिवाय, भागेल का हेही कळत नाहीये.

मेटाक्लासचं आधी उरकतो. भागतं. जँगो, म्हणजे स्वतःची ओआरएम असलेलं पायथनचं वेब फ्रेमवर्क, २००५ मध्ये लोकांसमोर आलं तेव्हा दुसरा सोयीचा मार्ग नव्हता. पायथन ३.६ पासून, म्हणजे २०१६ च्या अखेरीपासून, 'इनिट सबक्लास' आणि 'सेट नेम' हे दोन हुक भाषेतच आहेत. कुणी तुमच्या मॉडेलवरून क्लास काढला की पहिला आपोआप चालतो, आणि प्रत्येक फील्डला स्वतःचं नाव दुसऱ्यामुळे कळतं. मेटाक्लास ठेवलात तर कधीतरी कुणीतरी तुमच्या मॉडेलसोबत अॅबस्ट्रॅक्ट बेस क्लासही इनहेरिट करणार आणि 'मेटाक्लास कॉन्फ्लिक्ट' बघत बसणार. एकच काळजी घ्या: फील्डची डिक्शनरी प्रत्येक सबक्लाससाठी नवी बनवा, आईबापांची फील्ड त्यात कॉपी करा. बेस क्लासवरच्या एकाच डिक्शनरीत भर घालत गेलात तर शेतकऱ्याच्या टेबलात व्यापाऱ्याचे कॉलम दिसायला लागतात. हे मी केलंय.

आता मूळ मुद्दा. मी कोल्हापूरचा. काही वर्षांपूर्वी मार्केट यार्डातल्या एका गूळ आडत दुकानाचं सॉफ्टवेअर केलं: आलेल्या गुळाची नोंद, वजन, सौद्यात निघालेला भाव, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडणारी पट्टी. डेस्कटॉपवर चालणारं, दोन-तीन पीसींना एकच डेटाबेस. तयार ओआरएम वापरायची सोडून स्वतःची लिहायची खुमखुमी होती. तुमच्यासारखीच.

पहिला फटका नावाचा बसला. बेस क्लासमध्ये मी 'स्टेट' नावाचं अॅट्रिब्यूट ठेवलं होतं, ऑब्जेक्ट नवा आहे की साठवलेला हे लक्षात राहावं म्हणून. 'न्यू' असेल तर इन्सर्ट, 'सेव्हड' असेल तर अपडेट. व्यापाऱ्यांच्या टेबलात पत्त्यासाठी 'स्टेट' नावाचा कॉलम होता. आमचा गूळ गुजरातला जातो. व्यापारी भरला, राज्य 'गुजरात' टाकलं, सेव्ह दाबलं. 'गुजरात' म्हणजे 'न्यू'ही नाही आणि 'सेव्हड'ही नाही, त्यामुळे काहीच झालं नाही. एररसुद्धा नाही. ज्यांचं राज्य भरायचं राहून गेलं होतं तेवढेच व्यापारी साठले, आणि त्यांच्या बिलावर पत्ता छापला गेला 'राजकोट, न्यू'. दिवाणजींनी ते बिल माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, हे न्यू राजकोट कुठं आलं हो?

तेव्हापासून बेस क्लासकडे मी असा बघतो: त्यात घातलेलं प्रत्येक नाव हे वापरणाऱ्याच्या कॉलमच्या नावांतून चोरलेलं असतं. जँगोत हीच माहिती 'अंडरस्कोअर स्टेट' या एका खणात असते आणि क्लासची सगळी माहिती 'अंडरस्कोअर मेटा' या दुसऱ्या खणात. रेल्स या रुबी भाषेतल्या वेब फ्रेमवर्कमध्ये कॉलमचं नाव त्याच्या ओआरएमच्या, म्हणजे अॅक्टिव्ह रेकॉर्डच्या स्वतःच्या मेथडशी धडकलं तर लायब्ररी सरळ एरर देते. तरीही 'टाइप' नावाच्या कॉलमवर नवीन माणूस अडखळतोच, कारण तो इनहेरिटन्ससाठी राखलेला आहे. तुम्हीही दोन खण ठेवा, दोन्ही अंडरस्कोअरने सुरू होणारे, आणि फील्डचं नाव बेस क्लासमधल्या कशाशीही जुळलं तर क्लास बनतानाच एरर फेका. डेटा साठवताना कळण्यात काही अर्थ नाही.

फाइंड, फिल्टर, काउंट ही मंडळी बेस क्लासमधून बाहेर काढा. ती वेगळ्या क्वेरी ऑब्जेक्टवर शोभतात, जँगोच्या 'ऑब्जेक्ट्स'सारखी. व्हॅलिडेशन फील्डकडे द्या. सेव्ह आणि डिलीट ठेवायचे की नाही हा आवडीचा प्रश्न आहे. ऑब्जेक्टने स्वतःच स्वतःला साठवायचं ही अॅक्टिव्ह रेकॉर्ड पद्धत, बाहेरच्या कुणीतरी साठवायचं ही डेटा मॅपर. ही दोन्ही नावं मार्टिन फाउलर यांच्या २००२ च्या पुस्तकामुळे रुळली. एसक्यूएलअल्केमी ही पायथनची ओआरएम दुसऱ्या पंथाची, तिथं बेस क्लास ही नुसती सोय आहे, त्याच्याशिवायही साधा क्लास टेबलला जोडता येतो. शिकण्यासाठी लिहिताय तर पहिली पद्धत घ्या, लवकर काहीतरी चालताना दिसतं.

मग बेस क्लासमध्ये उरतं काय? डेटाबेसमधून निघताना रो कशी होती ती आठवण. बहुतेक जण हाच भाग घाईत उरकतात आणि माझा दुसरा फटका इथलाच.

एका नोंदीत गुळाचे अडतीस रवे, म्हणजे ढेपा, होते. दिवाणजींनी ऑफिसातल्या पीसीवर ती नोंद उघडून ठेवली, सौदा व्हायचा होता. दरम्यान काट्याजवळच्या पीसीवर मापाड्याने तीच नोंद उघडून वजन टाकलं, ११३२ किलो, सेव्ह केलं. सौदा झाल्यावर दिवाणजींनी भाव टाकला आणि सेव्ह केलं. माझं सेव्ह प्रत्येक वेळी सगळे कॉलम लिहायचं. दिवाणजींच्या मेमरीतल्या ऑब्जेक्टमध्ये वजन अजून शून्यच होतं, तेच डेटाबेसवर जाऊन बसलं. संध्याकाळी शेतकरी शून्य किलोची पट्टी घेऊन उभा. गूळ डोळ्यांसमोर रचलेला आणि कागदावर काहीच नाही.

त्यामुळे लोड करतानाच मूळ मूल्यांची प्रत त्या 'अंडरस्कोअर स्टेट'मध्ये ठेवा आणि सेव्हच्या वेळी जे बदललंय तेवढंच लिहा. लिस्ट किंवा जेसन असेल तर खोल कॉपी घ्या, नाहीतर आतल्या आत केलेला बदल कळणार नाही. जँगो आजही मुळात सगळी फील्ड लिहितं. 'अपडेट फील्ड्स' देऊन आपण ती मर्यादित करायची. आणि दोघांनी एकच कॉलम बदलला तर? तिथं हा उपाय तोकडा पडतो. व्हर्जनचा कॉलम ठेवा, अपडेटच्या अटीत जुना आकडा घाला, त्याच अपडेटमध्ये तो एकने वाढवा, आणि एकही रो बदलली नाही तर एरर द्या. गप्प बसू नका, गुजरात आठवा.

याच आठवणीतून आणखी एक प्रश्न सुटतो. 'प्रायमरी की रिकामी म्हणजे ऑब्जेक्ट नवा' असं बरेच जण धरून चालतात. आमची की छापील पावतीपुस्तकावरचा नंबर होता, म्हणजे नव्या नोंदीलाही ती पहिल्यापासून असायची. यूयूआयडी, म्हणजे प्रोग्रामनेच आधी बनवलेला एकमेव ओळख क्रमांक, वापरणाऱ्यांचंही तेच. जँगोनेही ३.० मध्ये बदल केला: नव्या ऑब्जेक्टच्या कीला डिफॉल्ट असेल तर आधी अपडेट करून बघण्याऐवजी थेट इन्सर्ट. नवा की जुना हे कीवरून ओळखू नका, वेगळं लिहून ठेवा. त्यासाठी डेटाबेसमधून ऑब्जेक्ट बनवणारी क्लास मेथड वेगळी हवी. तिने 'इनिट'च्या वाटेला न जाता थेट मूल्यं भरायची आणि 'हा जुना' अशी खूण करायची.

बरोबरीचं राहिलं. क्लास तोच आणि की तीच तर ऑब्जेक्ट समान, पण की नसलेले दोन नवे ऑब्जेक्ट कधीच समान नाहीत. हॅश कीवरूनच काढावा, आणि की नसेल तर हॅश द्यायलाच नकार द्यावा. नाहीतर सेटमध्ये टाकलेला नवा ऑब्जेक्ट सेव्ह झाल्यावर त्याच सेटमध्ये सापडत नाही.

कनेक्शन बेस क्लासवर चिकटवू नका, एवढं सांगून तो विषय सोडतो.

कोड लिहायच्या आधी एक टेस्ट लिहा: एकच रो दोनदा लोड करा, एकात वजन बदला, दुसऱ्यात भाव, दोन्ही सेव्ह करा आणि तिसऱ्यांदा लोड करून बघा. फक्त भाव बदललेला दिसला आणि वजन जुनंच राहिलं, तर तुमचं सेव्ह माझ्यासारखंच आहे. व्हर्जनचा कॉलम घातल्यावर मात्र दुसऱ्या सेव्हला एरर यायला हवी, तसं टेस्टमध्ये बदला. आयडेंटिटी मॅप, म्हणजे एका सेशनमध्ये एका रोसाठी एकच ऑब्जेक्ट ठेवणारी यादी, केला असेल तर दोन वेगळी सेशन घ्या, कारण एकाच सेशनमध्ये दोन्ही वेळा तोच ऑब्जेक्ट हातात येईल आणि टेस्ट फुकटची पास होईल.