गोफरच्या जुन्या डिस्कवरच्या फायली: आधी ठिपकेवाल्या फायली शोधा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही, लांबलं तर सांभाळून घ्या. बाबांनी १९९४ साली अमेरिकेतल्या विद्यापीठात चालवलेल्या गोफर सर्व्हरची (गोफर म्हणजे वेब रुळण्याआधी इंटरनेटवर मेनूंतून फायली वाचायची सोय) डिस्क सापडली, फायली पेनड्राइव्हवर ओढल्या, त्यांची वेबसाइट करायचीय, पण सगळी नावं 'एमटीजी०२९३ए' अशी आणि कुठली फाइल कशाची तेच कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. अगदी हेच मी १९९६ मध्ये भोगलंय. त्यामुळे पहिली विनंती, ती मूळ डिस्क कुणाला देऊ नका आणि फॉरमॅट तर अजिबात करू नका.

डिस्क जोडणं वगैरे तुम्हाला जमलेलंच दिसतंय, त्यात शिरत नाही. मुद्दा असा की नावं बहुतेक हरवलेली नाहीत, ती मूळ डिस्कवर मागे राहिलीत. मिनेसोटा विद्यापीठाचा जो मूळ गोफर सर्व्हर होता, त्यात लोकांना मेनूत दिसणारं शीर्षक आणि डिस्कवरचं फाइलचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी असायच्या. शीर्षकं 'डॉट कॅप' नावाच्या फोल्डरमध्ये आणि बाहेरच्या मशीनकडे जाणाऱ्या लिंका 'डॉट लिंक्स'सारख्या फायलींत. नाव ठिपक्याने सुरू होतं म्हणून युनिक्स, म्हणजे त्या सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम, त्या दाखवतच नाही, मुद्दाम 'एलएस' या फायलींची यादी देणाऱ्या कमांडला 'डॅश ए' लावून विचारावं लागतं. उघडून बघा, आत 'नेम इज इक्वल टू' करून पूर्ण शीर्षक आणि 'नम्ब इज इक्वल टू' करून मेनूतला क्रमांक, साध्या अक्षरांत लिहिलेलं सापडेल.

मला हे माहीत नव्हतं असं नाही, त्यातल्या अर्ध्या फायली मीच लिहिलेल्या. मी तेव्हा शिकता शिकता लायब्ररीत काम करायचो, विभागांची इतिवृत्तं, जुन्या वर्तमानपत्रांची सूची असं सगळं आम्ही दोन वर्षं गोफरवर चढवत होतो. मग एक दिवस कॉम्प्युटर विभागाची चिठ्ठी आली की आता सगळं वेबवर जाणार, दहा दिवसांत मशीन रिकामं करा. दोन रात्री बसून एफटीपीने (दुसऱ्या मशीनवरून फायली आणायची पद्धत) एकेका फोल्डरमध्ये शिरून 'एमगेट स्टार', म्हणजे 'इथलं सगळं दे', करत सगळं उतरवलं. आणि त्या स्टारमध्ये ठिपकेवाल्या फायली येत नाहीत!! फायलींची संख्या मोजली, साइझ ताडून पाहिल्या, सगळं जुळलं, कारण मोजतानाही त्या दिसत नव्हत्याच. कळलं तेव्हा महिना उलटला होता. विभागात गेलो तर बॅकअपची टेप पुन्हा वापरात घेतलेली, आणि काउंटरवरचे म्हणाले फायली तर तुमच्याकडे आहेत ना, मग तक्रार कसली. वर दुसऱ्या साहेबांनी ऐकवलं की गोफरला लायसन्स फी आहे म्हणून बंदच करायचं होतं. अहो, मिनेसोटाने १९९३ मध्ये फी जाहीर केली ती मुख्यतः व्यापारी वापरासाठी, आमच्यासारख्यांना कोण मागत होतं! पण त्या फीच्या बातमीने लोक बिथरले हे खरंय, आणि त्याच सुमारास ३० एप्रिल १९९३ ला सर्नने, म्हणजे वेब जिथे जन्मलं त्या संशोधन संस्थेने, वेबचा कोड सगळ्यांना मोकळा करून दिला, त्याच वर्षी मोझेइक ब्राउझर आल्यावर तर चित्रं दिसायला लागली, मग गोफरकडे कोण बघतंय. ते असो, मला राग बंद केल्याचा नाही, दहा दिवसांचा आहे. एका प्राध्यापकांनी मेनूचे तीन कागद प्रिंट करून ठेवले होते, त्यावरून थोडीफार शीर्षकं लावता आली. बाकीच्या फायली एकेक वाचून ओळखाव्या लागल्या आणि शेकडो तशाच राहिल्या.

म्हणून तुम्ही फायली एकेक ओढू नका. वरच्या फोल्डरपासून अख्खं 'टार' करा, म्हणजे त्या कमांडने सगळं एकाच फाइलमध्ये बांधा, त्यात ठिपकेवाल्या फायली आपोआप येतात, आणि त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरी ठेवा. एक सांगतो, मी मिनेसोटाच्याच सर्व्हरवर काम केलंय. बाबांनी 'जीएन' हा दुसरा गोफर सर्व्हर वापरला असेल तर रचना वेगळी, तिथे फोल्डरमध्ये 'मेनू' नावाची फाइल शोधा.

वेबसाइटचं म्हणाल तर माझं मत थोडं कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या. आधी गोफर गोफरसारखाच उभा करा, एचटीएमएल नंतर. गोफरचा मेनू म्हणजे एका ओळीत प्रकार आणि शीर्षक, मग पत्ता, मशीनचं नाव आणि पोर्ट, मधे टॅब, बस. प्रकार ० म्हणजे मजकूर, १ म्हणजे पुढचा मेनू, ७ म्हणजे शोध, आणि पोर्ट बहुधा ७०. बाबांनी कशाखाली काय ठेवलं, कुठल्या विद्यापीठाकडे बोट दाखवलं, ही त्यांची मांडणी आहे, घाईने वेबपेज केलंत तर पहिली तीच जाते. बाहेरच्या लिंका मेलेल्या असल्या तरी पुसू नका. बघायला लिंक्स (एल-वाय-एन-एक्स) हा फक्त मजकूर दाखवणारा ब्राउझर आणि फायली उतरवायची 'कर्ल' कमांड अजून गोफर बोलतात, फायरफॉक्सने कधीच सोडलंय. अडलात तर जुन्या न्यूजग्रुपमधली गोफरवरची उत्तरं गूगल ग्रुप्सवर चाळा, सर्व्हर लावणाऱ्यांनी तिथे खूप तपशिलात लिहिलंय.

आणखी एक, तुम्ही म्हणालात की काही फायली रोमन अक्षरांत मराठी आहेत. ते बहुधा अविनाश चोपडे यांचं आयट्रान्स असेल, म्हणजे भारतीय भाषा रोमन अक्षरांत टाइप करायची पद्धत. त्यात मोठं-लहान अक्षर म्हणजे वेगळा उच्चार, मोठा 'एन' म्हणजे ण, लहान म्हणजे न. कुणी 'नीट दिसावं' म्हणून सगळं लहान अक्षरांत केलं तर 'पाणी'चं 'पनि' होतं आणि परत आणता येत नाही. त्या फायलींना आत्ता हात लावू नका.

आज रात्री फक्त 'एलएस डॅश ए' करून काय दिसतं ते इथे टाका, कॅप सापडलं तर शीर्षकं फायलींना जोडायची छोटी स्क्रिप्ट मी लिहून देतो.