आजारी माशासाठी वेगळी टाकी: सुरुवातीला एवढंच सांभाळा

गोल्डफिशच्या अंगावर पांढरे ठिपके दिसताच तुम्ही वेगळ्या टाकीचा विचार केलात, हे फार बरं केलंत. त्यासाठी महागडी काच नको. 30-40 लिटरचा, साबण कधी न लागलेला प्लास्टिकचा टब पुरतो. वाळू, झाडं घालू नका. तळ मोकळा असला की घाण नळीने ओढून काढता येते.

नवशिक्यांचे मासे पुष्कळदा रोगाने नाही, अमोनियाने, म्हणजे त्यांच्याच घाणीतून पाण्यात साठणाऱ्या विषाने दगावतात. नव्या टबात घाण पचवणारे जिवाणू नसतातच. म्हणून मोठ्या टाकीत चालू असलेला स्पंज फिल्टर इकडे आणा, रोज चौथा हिस्सा पाणी बदला, खाणं अगदी थोडं द्या. नळाचं पाणी असेल तर आधी त्यात अँटिक्लोरीन (क्लोरीन घालवणारं द्रावण) घाला.

या चुका टाळा:

- फिल्टरमध्ये कार्बन ठेवणं. तो औषधच शोषून घेतो.
- अंदाजाने औषध ओतणं. टबातलं पाणी लिटरमध्ये मोजा. पाणी बदललंत तर नव्या पाण्यापुरतंच औषध पुन्हा घाला.
- दोन औषधं एकदम देणं.

म्हापशाच्या बाजारातलं मिठागराचं जाडं मीठ लिटरला 1 ग्रॅम, आधी विरघळवून, हळूहळू घाला. गोल्डफिशला ते सोसतं.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप आजच आणा.

आणि हो, ठिपक्यांचा परजीवी मोठ्या टाकीतही असतो. बाकीचे मासे ठणठणीत दिसले तरी तिथेही उपचार करावेच लागतील.